बाईंना न चालणारं दूध

ऑपरेशन थिएटरात आम्ही त्याला दूध म्हणतो. "मॅडम, दूध भरू?" असं सिस्टरने विचारलं की मी मान हलवते, आणि ती ते पांढरंशुभ्र औषध सिरिंजमध्ये ओढून घेते. खरं नाव प्रोपोफॉल. हाताच्या शिरेतून निघून मेंदूपर्यंत पोचायला रक्ताला जेवढा वेळ लागतो, तेवढाच त्याला लागतो. पेशंट म्हणतो, "मॅडम, मले तर काही झोप..." आणि पुढचा शब्द माझ्यासाठी सोडून देतो.

मी भूलतज्ज्ञ. घर अकोल्यात, काम अर्धं अकोल्यात आणि अर्धं अमरावतीत. एका दवाखान्याला बांधून घेतलं नाही, सर्जन बोलावतात तिथे जाते. गाडीच्या डिक्कीत माझी पेटी असते आणि मूर्तिजापूरला माझा ठरलेला चहा असतो. या धंद्यात नाव होत नाही, हे मी केव्हाच मान्य केलंय. पेशंट बरा झाला की हार सर्जनला, पेढे सर्जनला, आणि माझी ओळख "त्या झोपवणाऱ्या बाई" एवढीच. एका आजोबांनी तर टेबलावर पडल्या पडल्या सर्जनला विचारलं होतं, "एक सुई टोचाले एवढी शिकलेली डॉक्टर कायले लागते?" मी म्हटलं, "आजोबा, झोपवाले नाही लागत. उठवाले लागते." त्यानंतर आजोबांनी माझा हात जो धरला, तो झोपेपर्यंत सोडला नाही.

तर गेल्या हिवाळ्यात अमरावतीच्या एका सर्जनचा फोन आला. पित्ताशयात खडे, बाई वयस्कर, दमा आहे, हृदयात स्टेंट बसवलेला आहे. दुर्बिणीतून करू, पण भूल पूर्ण लागेल. "तुमीच या मॅडम, अन् आधी एकदा पाहून घ्या," ते म्हणाले. हे सर्जन हाताचे कुशल आणि तोंडाचे फटकळ. आमचं जमतं, कारण मीही काही कमी नाही.

खोलीत गेले तर पेशंट बाई खाटेवर ताठ बसून एक कॅप्सूल फोडत होत्या. दोन्ही टोकं हलक्या हाताने ओढून त्यांनी आतली भुकटी चमच्यातल्या साखरेवर सांडली, वरून पाणी घातलं, आणि रिकामं कवच कागदात गुंडाळून बाजूला ठेवलं. मान वर न करताच म्हणाल्या, "हे कवच कायचं बनते, मालूम आहे का? जनावराच्या हाडाकातड्याचं. डॉक्टर लोक सांगतच नाहीत."

आवाज ऐकला आणि माझ्या पायातलं वय पळून गेलं. तेल्हाऱ्याच्या शाळेत मला विज्ञान शिकवणाऱ्या बाई होत्या त्या. मी ओळख सांगितली. त्यांनी चष्मा लावून मला आपादमस्तक पाहिलं. नाव त्यांना आठवलं नाही, पण म्हणाल्या, "खिडकीजवळचा बाक. मागून दुसरा. लय प्रश्न विचारे तू." मी वाकून नमस्कार केला, त्यांनी हात जोडून "दंडवत प्रणाम" म्हटलं. शाळेतही त्या तसंच म्हणायच्या.

बाई महानुभाव पंथाच्या. रिद्धपूरला जाऊन त्यांनी तरुणपणीच उपदेश घेतला होता, म्हणजे दीक्षाच म्हणा, आणि तेव्हापासून मांस, अंडं, दारू यांचा अंशही तोंडाला लागू दिला नव्हता. बिस्किटाचा पुडा त्या आधी मागच्या बाजूने बघायच्या. पण हे सगळं स्वतःपुरतं. आमचं बौद्ध घर, रविवारी आमच्याकडे अंड्याचा रस्सा व्हायचा, आणि सोमवारी माझ्या डब्यात तो कधी कधी असायचा. बाई डबा खाताना आमच्यातच बसायच्या. माझ्या डब्याकडे त्यांनी कधी नाक मुरडून पाहिलं नाही. "तुहं तू खाय, माह्यं मी खातो," एवढंच त्यांचं धर्मशास्त्र.

वर्गात मात्र त्यांचा एक नियम कडक होता. कोणीही, केव्हाही उठून "काहून?", म्हणजे का, असं विचारायचं. बाईंना उत्तर येत असेल तर त्या सांगत, नसेल तर "मले नाही मालूम, उद्या पाहून सांगतो" म्हणत, आणि दुसऱ्या दिवशी खरंच सांगत. आम्हालाही तीच मुभा. माहीत नाही म्हणणाऱ्याला शिक्षा नाही. उत्तर ठोकून देणारा मात्र तास संपेपर्यंत उभा. मी डॉक्टर झाले ती या बाईंमुळे, असं मी कधी कोणाला सांगितलं नव्हतं, पण ते खरं आहे.

त्यांची छाती तपासली, कागद पाहिले. प्रकरण नाजूक होतं. मागच्याच महिन्यात पित्ताशय सुजून ताप भरला होता आणि कसंबसं औषधांवर निभावलं होतं. पुन्हा तसा झटका आला तर ऑपरेशन घाईत, तापात करावं लागणार, आणि त्या हृदयाला ते झेपेलच अशी खात्री कोणी दिली नसती. आता, बरं असतानाच, ते उरकून घेणं शहाणपणाचं होतं. दूधच द्यायचं, दम्याला ते चांगलं, फक्त हृदयाकडे पाहून थेंबाथेंबाने, असं मी मनात ठरवूनही टाकलं.

आणि बाईंनी विचारलं, "तू मले झोपवशील त्या औषधात काय काय असते?"

असं कोणी विचारत नाही. लोक विचारतात, दुखेल का, जाग येईल ना, मी झोपेत काही बरळणार तर नाही. घटक कोणी विचारत नाही. आणि मला ते तोंडपाठ. प्रोपोफॉल पाण्यात विरघळत नाही, म्हणून ते सोयाबीनच्या तेलात मिसळतात, आणि तेल नि पाणी एकजीव राहावं म्हणून त्यात लेसिथिन घालतात. म्हणून ते दुधासारखं दिसतं.

"लेसिथिन कायचं?"

"अंड्याच्या बलकाचं, बाई."

अंड्याची ॲलर्जी असलेल्यांनाही ते बहुतेक वेळा चालतं, कारण त्यांचं वाकडं असतं पांढऱ्या भागाशी. हे मी बाईंना सांगितलंही. पण व्रताला पांढरं आणि पिवळं असा भेद करता येत नाही. बाईंनी शांतपणे चष्मा काढून त्याच्या घरात ठेवला. "मंग ते मले नाही चालत. ऑपरेशन राहू दे."

बाहेर व्हरांड्यात सर्जनने मला गाठलं. "मॅडम, पेशंटले भाजीतला मसाला मोजून सांगाची काय गरज होती?" बाईंचा मुलगा बाजूलाच उभा. बिचारा आठवडाभर झोपला नव्हता. मला सर्जनचा राग आला, मुलाची दया आली, आणि बाईंचा, खरं सांगते, थोडा रागच आला. जीव मोठा की बलकाचा अंश? अंडं खाऊन मोठी झालेली मी, मला ते पटणं अवघडच होतं. पण कॅप्सूल फोडणारी ती बोटं मी नुकतीच पाहिली होती. पन्नासेक वर्षं एक बाई काहीतरी सांभाळत आलीय, आणि ते मी एका सुईने सांडून टाकावं, हेही जमेना.

मी परत आत गेले आणि म्हटलं, "बाई, औषध एकच नसते. चार आहेत. मी सांगते, तुमी काहून विचारा."

त्यांच्या चेहऱ्यावर बऱ्याच वेळाने हसू आलं. "सांग."

मी खाटेजवळ उभी आणि बाई बसलेल्या. परीक्षाच होती. पहिलं थायोपेंटोन. जुनं, पिवळसर भुकटी, पाण्यात कालवून द्यायचं, अंड्याशी संबंध नाही. शिरेत गेलं की काहींना तोंडात लसणाची चव येते. "मंग ते दे." नाही देणार. "काहून?" तुमच्या दम्यामुळे. त्याने काही जणांच्या श्वासनळ्या आखडतात. दुसरं केटामाइन. तेही पाण्यासारखं स्वच्छ, आणि दम्याला तर उलट बरं, नळ्या मोकळ्या करतं. "मंग?" ते नाडी पळवतं, रक्तदाब चढवतं. तुमच्या स्टेंटवाल्या हृदयाला ती धावपळ नको. शिवाय माणूस डोळे उघडे ठेवून भलत्याच गावाला जाऊन येतो आणि आल्यावर तिथल्या गोष्टी सांगतो. बाई म्हणाल्या, "जाऊन तर पाहिलं असतं." तिसरा वायू, तो हुंगवूनही झोपवता येतं, हेही मी सांगितलं. पण जागेपणी तोंडावर मास्क या कल्पनेनेच त्यांना धाप लागली. दम्याच्या माणसाला ते गुदमरणंच वाटतं. एकदा झोप लागली की पुढची झोप नळीतून वायूवरच चालवायची होती, त्याला त्यांची हरकत नव्हती. प्रश्न फक्त झोपेच्या दाराच्या आत नेण्याचा होता.

"चौथं?"

"एटोमिडेट. हे हृदयाच्या वाटेला जात नाही. नाडी, दाब, जवळपास जिथल्या तिथे राहतात. दम्यालाही त्रास नाही."

"मंग हे पयलंच काहून नाही सांगितलं?"

"कारण याच्यातही खोडी आहेत. शिरेत जळजळते. हातपाय झटके देतात, पाहणाऱ्याला वाटते फिटच आली. जाग आल्यावर ओकारी होऊ शकते. अन् शरीराला ताण सोसायला जो रस लागतो, तो हे औषध काही तास कमी करते. एका वेळेपुरतं ते निभते."

मग एक प्रश्न आला, जो मला वाटतं शाळेतल्या माझ्या बाकावरून मीच विचारला असता. "औषध संपते म्हणून माणूस जागा होते का?"

"नाही, बाई. औषध पांगते. मेंदूले रक्त जास्त, म्हणून आधी तिकडे जाते. मंग हळूहळू सगळ्या अंगात पसरते. लग्नाची पंगत उठल्यावर पाहुणे गावातच असतात, पण मांडव रिकामा होते. तसं."

"बरोबर," बाई म्हणाल्या. त्यांना हे आधीपासून माहीत होतं की नाही, मला अजून कळलेलं नाही. "चौथं दे. जळलं तर जळलं."

ऑपरेशन परवावर ठरलं. संध्याकाळी दवाखान्याच्या मेडिकलमधून एटोमिडेट आलं. मी डबी उघडली, आणि आत दूध! नाव तेच, काम तेच, पण जळजळ कमी व्हावी म्हणून कंपनीने हेही तेलात मिसळलेलं, आणि तेल आलं की मागोमाग बलक आला. पाण्यासारखं स्वच्छ असणारं जुन्या धाटणीचं एटोमिडेट हवं होतं. मेडिकलवाला म्हणाला, "मॅडम, ते आता कोण घेते? हे नवं आहे, चांगलं आहे." औषध म्हणून ते चांगलंच होतं. मला शंका नव्हती.

सर्जन आणि बाईंचा मुलगा, दोघांनीही डबी पाहिली. सर्जन खालच्या आवाजात म्हणाले, "तुमी त्याईले एटोमिडेट सांगितलं. हे एटोमिडेटच आहे. मंग तुमी खोटं कुठं बोलल्या?"

खरंच होतं. मला एक अक्षर खोटं बोलायचं नव्हतं, नुसतं गप्प बसायचं होतं. मुलगा माझ्याकडे पाहत म्हणाला, "ताई, माय हाय ते माही. झोपल्यावर तिले काय समजते? करून टाका. पाया पडतो तुमच्या." आणि तो खरंच वाकला. मी त्याला दंडाला धरून उठवलं. मी ती डबी पर्समध्ये टाकली आणि "सकाळी सांगते" म्हणून अकोल्याकडे निघाले. बडनेऱ्यापर्यंत मी जवळजवळ त्याच्या बाजूची झाले होते.

बडनेऱ्याच्या पुढे गाडी बाजूला लावून मी अमरावतीतल्या ओळखीच्या सगळ्या दुकानांना फोन केले. नाही. नांदगाव खंडेश्वरच्या एका डॉक्टर मित्राला केला. नाही, आणि वर "एवढं कायले जिवाले लावून घेता?" असं फुकटचं. शेवटी अकोल्यातल्या माझ्या मैत्रिणीला लावला. ती पण भूलवालीच, आणि जुनं सामान जपून ठेवण्याबद्दल आम्ही सगळे तिची टिंगल करतो. ती म्हणाली, "माझ्याकडे आहे गं, स्वच्छवालं. मुदतही आहे. पण कुप्या दवाखान्याच्या कपाटात, ते सकाळीच उघडेल, आणि मी उद्या दिवसभर थिएटरात." मला परत सकाळी अमरावतीतच केस होती. मग तिने आमच्याकडे सगळे करतात तेच केलं. स्टीलच्या डब्यात कापूस अंथरून त्यात काचेच्या कुप्या ठेवल्या, झाकण रुमालाने बांधलं, आणि डबा अमरावतीच्या एसटीच्या ड्रायव्हरच्या हवाली केला. तिच्या नवऱ्याचे त्याच्याशी पानठेल्यावरचे संबंध होते.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी डेपोत उभी. ड्रायव्हरने डबा माझ्या हातात देताना तो नाकाजवळ नेला. "मॅडम, एवढं जपून आणलं. पण वास काही येऊन नाही राहिला. आहे तरी काय?" मी म्हटलं, "झोप आहे." तो म्हणाला, "थोडी आमाले द्या ना मंग," आणि हसत निघून गेला. मी तिथेच रुमाल सोडून डबा उघडला. कुपी उजेडात धरली. पाण्यासारखी स्वच्छ. लेबल वाचलं, घटक वाचले, पुन्हा वाचले. मला इतका आनंद झाला की मी डेपोतल्या कॅन्टीनमध्ये एकटीने बसून आलूबोंडा खाल्ला.

ऑपरेशनच्या सकाळी बाई टेबलावर आडव्या. छोट्याशा दिसत होत्या. इतके दिवस प्रत्येक गोष्टीला काहून विचारणाऱ्या बाई, म्हणून मी तयारीत होते. कुपी हातात घेऊन त्यांच्या डोळ्यांसमोर धरली. "बाई, हे पाहा. स्वच्छ आहे. लेबल दाखवू का?"

बाईंनी कुपीकडे पाहिलंच नाही. "माहा चष्मा बाहेर आहे," त्या म्हणाल्या. "तू पाह्यलं ना?"

"हो, बाई."

"मंग झालं." आणि त्यांनी डोळे मिटले.

परवाची पांढरी डबी पर्समध्येच होती. तीच हातात असती आणि मी गप्प बसले असते, तरी बाईंनी डोळे असेच मिटले असते. मला रडू आलं. थिएटरात रडता येत नाही, मास्क ओला होतो. मी शिरेत आधी जळजळ कमी करणारं औषध सोडलं, मग हळूहळू एटोमिडेट. बाईंनी "जळते वं" एवढं म्हटलं आणि झोपल्या. हाताने एकदोन झटके दिले, नवी सिस्टर दचकली, मी तिला म्हटलं, "सांगितलेलं आहे, अभ्यासक्रमातलं आहे." मॉनिटरवरचे आकडे जागचे हलले नाहीत. सर्जनने बारीक बारीक छिद्रांतून पित्ताशय काढलं, आणि त्यातले खडे वाटीत वाजवून दाखवले. "तुमच्या अंड्यापायी माहे दोन दिवस गेले," ते म्हणाले, पण शीळ घालत म्हणाले.

बाई जाग्या झाल्या. डोळे किलकिले करून त्यांनी आधी आमच्याकडे, सर्जन, मी, दोन सिस्टर, असं सगळ्यांकडे पाहिलं आणि घोगऱ्या आवाजात म्हणाल्या, "खाली बसा सगळे." सर्जन खरोखरच स्टुलावर बसले. थोड्या वेळाने बाईंना ओकारी झाली. तोंड पुसून त्या मला म्हणाल्या, "होईल म्हणे तू. झाली. उत्तर बरोबर." मुलगा दारात उभा राहून रडत आणि हसत होता.

दुसऱ्या दिवशी मी भेटायला गेले तेव्हा बाई पुन्हा कॅप्सूल फोडत होत्या. बाजूला टाचणीएवढीही भुकटी सांडली नव्हती. मी शेजारी बसले. मुलाने चहा आणला. बाई म्हणाल्या, "पोराने सांगितलं मले सगळं. ते पांढरं आलं होतं म्हणे आधी."

"हो."

"ते दिलं असतं तर मले समजलं असतं का?"

"नाही, बाई. कधीच नाही."

"अन् तुले?"

मी चहाचा कप खाली ठेवला. "मले रोज समजलं असतं," मी म्हटलं.

बाईंनी मान हलवली, कवच कागदात गुंडाळलं आणि चमचा तोंडात घातला.

पुढच्या सकाळी अकोल्यात एका तरुण मुलाचं हर्नियाचं ऑपरेशन होतं. मी हात धुऊन आत आले. सिस्टरने विचारलं, "मॅडम, दूध भरू?"

"भर," मी म्हटलं.